प्रतिकृतीचे इमान

'नक्कल' हा शब्द आपल्या भाषेत मानाने क्वचितच उच्चारला जातो. नकला करणारा मनुष्य आपल्याला हसवतो, पण त्याच्या शब्दावर आपण मुलीचे लग्न ठरवत नाही. नक्कल करून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेतून कायमचा उतरतो. दागिना नकली निघाला, तर सोनाराशी असलेला दोन पिढ्यांचा घरोबा एका सकाळीत तुटतो. आणि 'प्रतिकृती' म्हटले की त्याच आपला चेहरा बदलतो. आपण वाकून पाहतो, 'हुबेहूब' म्हणतो, कर्त्याचे नाव विचारतो. वास्तविक दोन्ही शब्दांनी सांगितलेली गोष्ट एकच आहे. एका वस्तूसारखी दुसरी वस्तू कोणीतरी केली, एवढेच. मग एकीत अप्रामाणिकपणाचा वास का यावा आणि दुसरीत श्रमाचा सुगंध का यावा? प्रतिकृती करणारा नेमका कशाशी इमान राखतो? हा प्रश्न आम्ही येथे एका काहीशा अनोळखी कारागिरीच्या आधाराने तपासणार आहोत. ती कारागिरी म्हणजे घरामागच्या शेडमध्ये बसून, वाफेवर खरोखर चालणारे छोटे रेल्वे-इंजिन, त्यामागच्या टेंडरसकट, मुळापासून घडवणे.

'मुळापासून' या शब्दावर येथे सारा भार आहे. सुटे भाग विकत आणून जोडणे म्हणजे मुळापासून घडवणे नव्हे. पोलादाची पट्टी, तांब्याचा पत्रा, पितळेची कांब, गनमेटलचे आणि बिडाचे ओबडधोबड ओतीव ठोकळे एवढ्यावर सुरुवात व्हायची. बाकी सर्व लेथ, ड्रिल, करवत, कानस आणि मनुष्याचा हात यांनी. या छंदाचे माहेर इंग्लंड. तेथे १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले आणि कारकून, गिरणीतील फिटर, डॉक्टर, शाळामास्तर अशा नाना तऱ्हेच्या लोकांना संध्याकाळी करावयाचे काम मिळाले. पाद्रीमंडळीही या नादात मागे नव्हती. 'टॉमस' या छोट्या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री स्वतः लघुरेल्वे मांडून दाखवीत असत. रेव्हरंड पीटर डेनी या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९४० च्या दशकापासून आयुष्यभर बकिंगहॅम गावाची जी छोटी रेल्वे उभारली, तिची इंजिने आणि डबे त्यांनी साध्या हत्यारांनी स्वतः केले. गंमत अशी की, ज्या ग्रेट सेंट्रल कंपनीची ही शाखा त्यांनी तपशीलवार दाखवली, त्या कंपनीचा रूळ बकिंगहॅमला कधी गेलाच नव्हता. मूळच नसलेल्या वस्तूची ही प्रतिकृती. तरीही जाणकार तिला प्रामाणिक कामाचा नमुना मानतात. इमानाचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

आपल्याकडे ज्यांनी खिडकीशी बसून डोळ्यांत कोळशाचा कण गेल्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना वाफेच्या इंजिनाविषयी वेगळे सांगणे नको. आपल्या ब्रॉडगेज रुळांवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा १९९५ च्या डिसेंबरात संपली. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे मुलांना घेऊन गेलेले वाचक आमच्यात असतीलच. परंतु तेथील गाड्या विजेवर धावतात. आम्ही म्हणतो त्या इंजिनाच्या पोटात खरा विस्तव असतो, खरे पाणी उकळते, आणि या फरकातूनच पुढचा सगळा नैतिक पेच उभा राहतो.

उदाहरणादाखल 'फ्लाइंग स्कॉट्समन' घेऊ. हे इंजिन १९२३ साली डॉन्कॅस्टरच्या कारखान्यातून बाहेर पडले. रचना सर नायजेल ग्रेस्ली यांची. साडेतीन इंच रुंदीच्या रुळांवर ते उतरवायचे, तर प्रत्येक माप सोळाव्या हिश्शाने घ्यावे लागते. सहा फूट आठ इंचांचे मोठे चाक मग बरोबर पाच इंचांचे होते. इंजिन आणि टेंडर मिळून लांबी सव्वाचार फुटांहून थोडी अधिक भरते. कागदावर हे सोपे दिसते. सोळाने भागत जावे, काम संपावे.

पण लांबी सोळापट घटली की क्षेत्रफळ दोनशे छप्पनपट घटते आणि घनफळ चार हजार शहाण्णवपट. मूळ टेंडरमध्ये नऊ टन कोळसा आणि पाच हजार गॅलन पाणी मावत असे. छोट्यात सव्वादोन किलो कोळसा आणि साडेपाच लिटर पाणी, म्हणजे स्वयंपाकघरातील एका मध्यम पातेल्याएवढे. मोठ्या बॉयलरमधून आगीचा झोत नेणाऱ्या नळ्या दोन-सव्वादोन इंच व्यासाच्या असत. त्यांना सोळाने भागले तर काजळीच्या पहिल्या थरातच त्या बुजतील. पाण्याचा थेंब इंजिनाबरोबर लहान होत नाही. ज्योत लहान होत नाही. कोळसा फोडून बारीक करता येतो; पण तो फार बारीक केला तर जळण्याऐवजी धुराड्यातून उडून जातो. लहान बॉयलरची उष्णता मोठ्यापेक्षा किती तरी लवकर बाहेर निसटते, कारण आत साठवायला जागा कमी आणि बाहेर गमवायला पृष्ठभाग त्या मानाने जास्त. थोडक्यात, मनुष्याने काढलेले नकाशे लहान होतात, निसर्गाचे नियम लहान होत नाहीत.

या मुद्द्यावरून १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये मोठा वाद माजला. छोट्या इंजिनात कोळसा पेटणार नाही, स्पिरिटचे दिवेच लावले पाहिजेत, असे त्या काळच्या मान्यवरांचे मत होते. बाजारात मिळणारी इंजिनेही तशीच असत. बाहेरून रुबाबदार, आतून स्पिरिटचा दिवा. 'एलबीएससी' या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या एका गृहस्थाने याला विरोध केला. ही अक्षरे म्हणजे लंडनहून दक्षिण किनाऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वे कंपनीच्या नावाचे संक्षिप्त रूप. उमेदीच्या काळात त्याने तेथे नोकरी केली होती. त्याचे म्हणणे असे की, नळ्या मापाप्रमाणे करण्याचा हट्ट सोडा. थोड्या, पण रुंद नळ्या घाला, मग बॉयलर कोळशावर वाफ देईल. १९२४ साली लंडनच्या प्रदर्शनात अडीच इंच रुळांवरील त्याचे 'आयेशा' हे इंजिन कोळशावर माणसे ओढून गेले आणि वाद बहुतांशी मिटला. पुढे चार दशके, १९६७ साली मृत्यू येईपर्यंत, तो साध्या लेथवर काम करणाऱ्या सामान्य माणसाला, शेजारी बसून सांगावे अशा भाषेत, एकामागून एक इंजिने करायला शिकवीत राहिला.

आता येथे खरे कोण होते? ज्याने नळ्यांची संख्या आणि मापे अचूक दाखवण्याचा आग्रह धरला तो, की ज्याने मापे मोडली आणि इंजिनाचे इंजिनपण राखले तो? आमचा कौल दुसऱ्याला आहे. वाफेचे इंजिन म्हणजे विशिष्ट आकाराचा डबा नव्हे. आगीने पाणी उकळून चाक फिरवणारी ती वस्तू आहे. हे हरवले तर उरलेली अचूकता निव्वळ नकलाकाराची.

तरीही मापे मोडण्याला एकदा परवानगी दिली की ती कोठे थांबवायची, हा प्रश्न येतोच. ग्रेस्लींच्या या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. दोन बाहेर दिसतात, तिसरा दोन्ही चौकटींच्या मध्ये लपलेला. त्याच्या झडपेला चालना देणारी तरफांची जुळणी ग्रेस्लींनी अशी केली होती की, बाहेरच्या दोन झडपांच्या हालचालीतून मधल्या झडपेची हालचाल आपोआप निघावी. छोट्या आकारात हा मधला सिलिंडर म्हणजे करणाऱ्याची सत्त्वपरीक्षा. हात जायला जागा नाही, एकदा बसवला की पुन्हा सहसा दिसणार नाही, आणि त्याच्याविनाही इंजिन उत्तम चालते. पुष्कळजण तो गाळतात. पाहणाऱ्याला कळत नाही.

ऐकणाऱ्याला मात्र कळते. दोन सिलिंडरचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे टाकते, तीन सिलिंडरचे सहा. ज्याने तरुणपणी ते सहा ठोके कानात साठवले आहेत, असा एखादा म्हातारा रुळांशेजारी उभा असेल, तर तो पाठमोराही सांगेल की हे 'फ्लाइंग स्कॉट्समन' नव्हे. मधला सिलिंडर गाळणे हे असत्य आहे काय? आमच्या मते, गाळण्यात असत्य नाही. मनुष्याला शक्ती, पैसा आणि आयुष्य मोजकेच मिळते. त्या म्हाताऱ्याने विचारले असता करणारा काय उत्तर देतो, यावर सर्व अवलंबून आहे. 'होय, मी दोनच केले, मला तेवढेच झेपले,' असे जो सांगतो, त्याचे इंजिन पूर्ण सच्चे आहे. जो विषय बदलतो, त्याचे नाही.

मुळाबरहुकूम करायचे म्हटले, तर कोणत्या मुळाबरहुकूम, हाही एक घोळ आहे. या इंजिनाचा क्रमांक आरंभी १४७२ होता, मग ४४७२ झाला, पुढे आणखी बदलला. रंग आधी सफरचंदी हिरवा, युद्धकाळात काळा, नंतर काही काळ निळा, मग गडद हिरवा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याला दुहेरी धुराडे आले आणि १९६१ साली धूर बाजूला सारणारे पत्रे लागले. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्याला बसवणे ही तर कारखान्यांची रीतच होती. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २००४ साली विकत घेतलेल्या इंजिनात १९२३ मधील धातू किती उरला असेल, हा एक स्वतंत्र विषय होईल. म्हणून जाणता कारागीर प्रथम साल ठरवतो. '१९२८ चा उन्हाळा' असे एकदा ठरले की मग धुराडे, रंग, क्रमांक, टेंडर या सर्वांनी त्या एका उन्हाळ्याला जागले पाहिजे. हिरव्या रंगावर दुहेरी धुराडे अधिक देखणे दिसते म्हणून ते चढवणे, याला आम्ही बेइमानी म्हणू. येथे निसर्गाची अडचण नाही, शक्तीचीही नाही. आहे तो केवळ मोह.

१९२८ म्हटले की टेंडर आलेच. त्या वर्षी १ मे पासून लंडन ते एडिंबरो हा ३९२ मैलांचा प्रवास वाटेत न थांबता सुरू झाला. एवढा वेळ एकाच ड्रायव्हर-फायरमनच्या जोडीने आगीपुढे उभे राहणे अशक्य. ग्रेस्लींनी टेंडरच्या एका अंगाने अठरा इंच रुंद आणि पाच फूट उंच अशी बोळकांडी काढली. गाडीत विसावलेली दुसरी जोडी अर्ध्या वाटेत वाकून त्या बोळकांडीतून इंजिनावर येई आणि पहिली जोडी त्याच वाटेने मागे जाई. छोट्या टेंडरमध्ये ही बोळकांडी सव्वा इंचाहूनही थोडी अरुंद होते. तिच्यातून कोणीही कधी जाणार नाही. शिवाय तेथे तांब्याचा किंवा पितळेचा आडपडदा उभा केला की पाण्याची जागा घटते, आणि पाणी तर आधीच पातेलेभर.

टेंडरविषयी या मंडळींत एक व्यवहारी सल्ला फिरत असतो, तो येथे नोंदवण्याजोगा आहे. टेंडर आधी करा, इंजिन मागाहून. एकदा इंजिन धावू लागले की कोळशा-पाण्याच्या डब्यासाठी कोणाला धीर उरत नाही. हा सल्ला मानणारे थोडेच असतात.

याच टेंडरच्या पोटात आणखी एक वस्तू असते, जी मूळ टेंडरमध्ये नव्हती. पाण्याच्या टाकीत एक हातपंप बसवतात. पाणी भरण्याचे झाकण उघडून आत दांडा अडकवला की चालत्या वा थांबल्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी ढकलता येते. झाकण लावले की पंप दिसेनासा होतो. शिटीचेही असेच. मोठ्या इंजिनाची शिटी सोळाव्या हिश्शाने केली तर तिची किंकाळी कानाला असह्य होते. म्हणून बॉयलरवर नुसती दिसण्यापुरती छोटी शिटी बसवतात आणि तिचा खरा घोगरा सूर देणारी लांब नळी पायफळीखाली लपवतात. टेंडरच्या पत्र्यावरील शेकडो रिव्हेट बहुधा काहीच धरून ठेवत नाहीत. पत्रा आतून ठोसून वर आणलेले ते फोड असतात. लपवाछपवीच म्हणायची ही सर्व. तरीही कोणाची फसवणूक होत नाही. तो पंप कोठे आहे, हे प्रत्येक जाणकाराला ठाऊक असते. नवख्याने विचारले तर कर्ता कौतुकाने झाकण उघडून दाखवतो. झाकण आनंदाने उघडता येणे, हे आम्हाला या बाबतीतले पुरेसे लक्षण वाटते.

बॉयलरपाशी येऊन मात्र सर्व सवलती संपतात.

बॉयलर तांब्याचा असतो. पत्रे वाकवून, एकमेकांवर बसवून, चांदीच्या डाखाने जोडतात. त्यासाठी सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. भट्टीच्या सपाट भिंती वाफेच्या दाबाने फुगू नयेत म्हणून आतली आणि बाहेरची भिंत यांना तांब्याचे आडवे खिळे ओळीने ठोकून बांधतात. प्रत्येक खिळ्याभोवती डाख पूर्ण वितळून फिरला पाहिजे. कोपऱ्यातील एखाद्या सांध्यात तो अर्धाच गेला तर तेथे पुन्हा ज्योत नेणे फार जिकिरीचे. एक सांधा दुरुस्त करताना शेजारचे चार सुटण्याची भीती. आणि हे सारे झाल्यावर बॉयलरवर पातळ पत्र्याचे आवरण चढते, त्यावर रंग, त्यावर सोनेरी रेघा. अर्धवट सांधा त्या आवरणाखाली कायमचा झाकला जातो. रात्रीचे अकरा वाजलेले, मनुष्य थकलेला, शेडमध्ये दुसरे कोणी नाही. या प्रसंगी मनात जो विचार येतो, तो वाचकांनी आपापल्या व्यवसायात ओळखला असेल.

म्हणून इंग्लंडमधील मंडळांनी बॉयलर तपासण्याची शिस्त घालून घेतली आहे. नवा बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा आणि चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा. दर चौरस इंचाला ८० ते १०० पौंडांवर चालायचा असेल, तर १६० ते २०० पौंड. पुढील वर्षांतील पाण्याच्या तपासण्यांत दीडपट. वाफेऐवजी पाणी अशासाठी की, पाणी दाबाने जवळजवळ आक्रसत नाही. सांधा फाटला तर थोडे पाणी झिरपते आणि दाब उतरतो. वाफेने फाटला असता तर शेडचे छप्पर गेले असते. काही तपासनीस तर काम चालू असतानाच आतले सांधे पाहून जातात, कारण एकदा मागचा पत्रा बसला की आत नजर पोहोचत नाही. या शिस्तीतील एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. दाखला देणारा मनुष्य कर्त्याहून वेगळा असावा लागतो. कर्ता लबाड असेल अशी शंका त्यामागे नाही. तीन वर्षे ज्या वस्तूवर जीव लावला, तिचा दोष पाहण्याची शक्ती अत्यंत प्रामाणिक माणसाच्या डोळ्यांतही उरत नाही, एवढेच.

कारण हे इंजिन शेवटी कपाटात बसत नाही. रविवारी दुपारी मंडळाच्या छोट्या लोहमार्गावर त्यामागे बैठ्या गाड्या जोडतात आणि परक्यांची मुले तिच्यावर ओळीने बसतात. ड्रायव्हर टेंडरमागे बसून, टेंडरवरून हात लांब करून भट्टीत चमच्याएवढ्या फावड्याने कोळसा टाकतो. त्या मुलांच्या आईबापांनी डाख पाहिलेला नसतो. त्यांना तो कळणारही नाही. त्यांनी रंग पाहिलेला असतो, सोनेरी रेघा पाहिलेल्या असतात. खोटा रिव्हेट पाहून ती मुले हरखली तर बिघडले काही नाही. खोट्या सांध्याच्या भरवशावर ती तेथे बसली असतील, तर त्या इंजिनाला नक्कल हाच शब्द योग्य, आणि तोही सोनाराच्या दुकानातल्या अर्थाने. फोड आणि सांधा, दोन्ही वरवर पाहता 'जे नाही ते दाखवणे'च आहेत. पण पहिल्यावर कोणी जीव टांगलेला नाही.

कोणी म्हणेल, एका खेळण्यासाठी दहा वर्षे घालवणे हेच मुळी कितपत योग्य? भोवती एवढी दुःखे असताना? आक्षेप खोटा नाही. ज्यांच्या बायकोने दहा वर्षे एकटीने जेवण उरकले, अशा काही कर्त्यांची इंजिने कितीही सुबक असली तरी त्यांचा हिशेब आम्हाला जुळवता येत नाही. परंतु हा आक्षेप केवळ या छंदावरचा नव्हे. तो पत्त्यांवर, दूरदर्शनवर आणि आमच्या या लेखनावरही तितकाच लागू आहे. तेव्हा त्यात फार शिरत नाही.

इमानाची आणखी एक बाजू उरते, आणि ती आम्हाला सर्वांत अवघड वाटते. दहा-दहा वर्षे चालणारी ही कामे बहुधा उतारवयात हाती घेतली जातात. साहजिकच पुष्कळ इंजिने कर्त्याच्या हयातीत पुरी होत नाहीत. मागे उरतात कापलेल्या चौकटी, चाकांचे जोड, खोक्यातले ओतीव ठोकळे आणि पेन्सिलीच्या खुणा असलेले नकाशे. घरचे लोक ते विकतात. दुसरा कोणी ते विकत घेतो आणि त्याच्यापुढे प्रश्न पडतो: आता प्रतिकृती कोणाची करायची? ग्रेस्लींच्या इंजिनाची, की त्या गेलेल्या माणसाच्या मनातील इंजिनाची? त्याने एखादे भोक नकाशापेक्षा किंचित खाली पाडलेले असते, तेही हेतुपुरस्सर, पुढच्या कुठल्याशा सोयीसाठी. पण ती सोय कोणती हे सांगायला तो आता नाही. बॉयलर अर्धा झालेला असेल तर बहुतेकजण तो बाजूला ठेवून नवा करतात, कारण न पाहिलेल्या सांध्याची जबाबदारी कोणी कोणासाठी घेऊ शकत नाही. बाकीच्या भागांबाबत असा नियम नाही. काहीजण सर्व मोडून आपल्या हाताने पुन्हा करतात. काहीजण पहिल्याचे काम जसेच्या तसे राखून, त्याला जुळेल असे आपले काम करीत जातात, आणि ते बरेच कष्टाचे असते.

कधी कधी तो जुना सल्ला मानणाऱ्या एखाद्याचे खोके हाती येते. इंजिनाचा पत्ता नसतो, पण टेंडर पूर्ण झालेले असते: आठ चाके, फोडांच्या ओळी, झाकणाखाली हातपंप, आणि एका अंगाने, कोणीही न सांगता, पाण्याची जागा देऊन काढलेली ती अरुंद बोळकांडी. नवा मालक टाकीत पाणी ओततो, पंपाचा दांडा हलवून पाहतो, पाणी येते. मग तो टेंडर सपाट फरशीवर ठेवतो, पुढच्या जोडदांड्याची फरशीपासूनची उंची मोजतो आणि त्या मापावरून इंजिनाची पहिली चौकट आखायला घेतो.